जवारी ऐकू आली पाहिजे: हाताच्या कारागिरीसाठी व्हिडिओतून माणसं कशी जोडायची

मिरजेतल्या एका तानपुऱ्याच्या कारखान्यात व्हिडिओचं काम मी बघतो. कारखाना म्हणजे पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि माळ्यावर वाळत ठेवलेले भोपळे. मालकांना सगळी गल्ली चाचा म्हणते, मीही चाचाच म्हणतो. लहानपणी गाणं शिकायला लागलो तेव्हा आमच्या घरातला पहिला तानपुरा त्यांच्याच हातचा आला होता.

सुरुवातीचे तीन महिने आम्ही सगळं चुकीचं केलं. ओळीनं उभे केलेले तानपुरे, त्यांच्यावरून फिरणारा कॅमेरा, मागं कुठलीतरी बासरी, शेवटी पत्ता आणि फोन नंबर. बघणारे कोण, तर आमचेच पाव्हणे आणि शाळेतले मित्र.

मग एका दुपारी चाचा जवारी काढत बसले होते, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती घोडी घासून तानपुऱ्याचा झंकार उघडायचं काम. मी न बोलता फोन स्टुलावर पुस्तकाला टेकवून ठेवला. आधी तार छेडली, आवाज बंद, ठोकळ्यासारखा. तार सैल करून बाजूला घेतली, घोडीवर अलगद कानस फिरवली, बोटानं भुकटी पुसली, तार पुन्हा चढवली. असं दोन-तीनदा झालं आणि चौथ्या वेळी आवाज उघडला. खोलीभर झंकार पसरला आणि चाचांची मान आपोआप हलली. त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा मी टाकला. त्या आठवड्यात अनोळखी माणसांचे फोन सुरू झाले. सगळ्यांचा प्रश्न एकच: "आमच्या तानपुऱ्याची जवारी गेलीय, तुम्ही करून द्याल का?"

आमच्या सगळ्या व्हिडिओंचा पाया तिथं घातला गेला. माल मांडून ठेवला की लोक बघून पुढं जातात. काम चालू असताना दाखवलं की थांबतात, आणि थांबलेल्यातलाच कुणीतरी पुढं गिऱ्हाईक होतो. तुम्ही वाद्यं करत असा, मातीची भांडी करत असा, नऊवारी शिवत असा किंवा नाटकाची रंगभूषा करत असा, खाली सांगतोय ते थोडं वाकवून तुमच्या कामाला लागू पडेल.

आधी वही, मग कॅमेरा

पहिला महिनाभर काहीच शूट करू नका. दुकानात एक वही ठेवा आणि येणारा माणूस जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा. शब्द सुधारू नका. आमच्या वहीतले पहिल्या पानावरचे प्रश्न असे आहेत:

"मुलगी काळी चारमध्ये गाते, तिला कुठला तानपुरा?" "पुरुषी आणि बायकी तानपुऱ्यात फरक काय?" "दोरा कुठं सरकवायचा?" "भोपळा फुटला तर सांधता येतो का?" "पावसाळ्यात खुंट्या का सरकतात?" "मोबाईलवर तानपुरा असताना हा कशाला घ्यायचा?"

प्रत्येक प्रश्न म्हणजे एक व्हिडिओ. यातला शेवटचा प्रश्न ऐकून चाचा थोडे नाराज झाले होते, पण त्यावर केलेला व्हिडिओ आमच्याकडं सगळ्यात जास्त पाहिला गेला. एका बाजूला फोनमधला तानपुरा, दुसऱ्या बाजूला खरा, दोन्ही एकाच सुरात. बोललो फार थोडं.

वही भरली की एक गोष्ट दिसेल. विचारणारे तीन-चार प्रकारचे असतात. नुकतं शिकायला लागलेल्यांचे आईबाप, गाण्याचे क्लास घेणाऱ्या बाई किंवा सर, मैफलीत गाणारे आणि परदेशात राहणारी आपली माणसं. एका व्हिडिओत चौघांशी बोलायला जाऊ नका. आईबापांना घोडीवर तारेखाली घालतात त्या दोऱ्याची जागा सांगायची तर अगदी पहिल्यापासून सांगावी लागते. गाणाऱ्याला तेच ऐकून कंटाळा येतो.

सामान: कमी, पण नेमकं

गेल्या चार-पाच वर्षांतला कुठलाही बरा फोन चालतो. लेन्स पुसायला एक मऊ फडकं, बुटका ट्रायपॉड, एक माईक. एवढ्यावर आम्ही दीड वर्ष काढलं. महागडा कॅमेरा घ्यायची घाई करू नका. ते पैसे माईकला घाला.

उजेडाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही आणि तिच्यामुळं आमचे डझनभर व्हिडिओ वाया गेले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे ट्यूबलाइट किंवा स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, आणि चित्रावर आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. उपाय दोन. पहिला आणि सगळ्यात चांगला म्हणजे खिडकीजवळ बसा आणि दिवे बंद करा. दुसरा, फोनमध्ये शटर हातानं ठरवता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि फ्रेम रेट २५ ठेवा. आमच्या मागच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे. सकाळी नऊ ते साडेदहा हीच आमची शूटिंगची वेळ. ऊन थेट पडत असेल तर खिडकीला पांढरं धोतर बांधायचं, सावली मऊ होते.

उजेड समोरून न घेता बाजूनं घ्या. कानशीच्या रेघा, लाकडाचे रेशे, लाखेची चकाकी, हे सगळं बाजूच्या उजेडात उठून दिसतं.

आवाज

तुमच्या कामाला स्वतःचा आवाज नसेल तर हा भाग वरवर वाचलात तरी चालेल. वाद्यं, विणकाम, तांब्याची ठोकणी, खवैयांसाठी काही बनवत असाल, तर इथंच सगळा खेळ आहे.

तानपुऱ्याचा आवाज एकसारखा वाहता असतो. फोनमधलं, स्वस्त कॉलर माईकमधलं आणि एडिटिंगच्या अॅपमधलं 'नॉइज रिडक्शन' नेमकं काय शोधतं? एकसारखा वाहणारा आवाज. पंख्याची घरघर आणि तानपुऱ्याचा झंकार यात त्याला फरक कळत नाही. माझे पहिले काही व्हिडिओ ऐकताना तानपुरा पाण्याखाली वाजतोय असं वाटायचं. मी चाचांना म्हणालो, माईक खराब आहे. ते म्हणाले, "माईक राहू दे की. तू आधी कानानं ऐक, मग काय बंद करायचं ते कळंल." दोन दिवस एकेक सेटिंग बंद करत बसलो तेव्हा सापडलं. माईकवर ते बटण असेल तर बंद ठेवा, अॅपमध्ये असेल तर बंद ठेवा, आणि खोलीतला गोंगाट मुळातच कमी करा. पंखा बंद, फ्रीज असेल तर तेवढ्यापुरता बंद, फोन विमान मोडवर. जमिनीवर सतरंजी, मागच्या भिंतीवर एखादी गोधडी टांगली तरी घुमण्यात खूप फरक पडतो.

दुसरा त्रास फोन स्वतःहून आवाज कमीजास्त करतो त्याचा. मी बोलायला लागलो की तानपुरा दबतो, गप्प झालो की एकदम फुगतो. ज्या रेकॉर्डिंग अॅपमध्ये आवाजाची पातळी हातानं बांधता येते ते वापरा. नाहीतर वाजवणं आणि बोलणं वेगवेगळं रेकॉर्ड करा. आम्ही दुसरा मार्ग धरलाय. आधी शांतपणे काम करतो आणि वाजवतो, मग निवेदन वेगळं बोलून जोडतो.

माईक कुठं ठेवायचा? तबलीपासून, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीपासून, साधारण दोन विती लांब, घोडीच्या थोडा बाजूला. अगदी जवळ नेलात तर बोटाचा तारेवर पडणारा आघात ठळक होतो आणि झंकार मागं पडतो. लांब नेलात तर खोली ऐकू येते. दहा-दहा सेकंदांचे चार-पाच नमुने वेगवेगळ्या जागी घेऊन ऐका, जागा ठरली की जमिनीवर खडूनं खूण करून टाका.

ऐकताना एकदा हेडफोनवर ऐका आणि एकदा फोनच्या स्पीकरवर. खर्जाचा पाया त्या इवल्या स्पीकरमधून उतरतच नाही, वरचे स्वर तेवढे येतात. म्हणून आमच्या प्रत्येक व्हिडिओत सुरुवातीला एक ओळ असते: हेडफोन लावून ऐका.

आणि मागं काही वाजत नाही ना, ते बघा. एकदा शेजारच्या दुकानात रेडिओवर जुनं नाट्यगीत लागलं होतं, आमच्या शूटिंगमध्ये ते अर्धा मिनिट स्पष्ट आलं आणि त्या व्हिडिओवर हक्काचा दावा आला. यूट्यूबची यंत्रणा असं गाणं आपोआप ओळखते. तोच विचार पार्श्वसंगीताचा. आमच्या व्हिडिओंना पार्श्वसंगीत नाहीच. तानपुऱ्याच्या मागं आणखी काय वाजवायचं?

काय शूट करायचं, कधी

इथं बहुतेक कारागीर अडखळतात. आज रविवार आहे म्हणून व्हिडिओ करू असं म्हणून बसलं की दाखवायला काही नसतं. काम आपल्या वेळेनं चालतं. पंढरपूरच्या बाजूनं वाळलेले भोपळे येतात तो दिवस वर्षातून थोड्याच वेळा येतो. त्या दिवशी शूट केलं नाही तर पुढच्या हंगामापर्यंत थांबा. भोपळा भिजवून कापणं, आतून खरवडणं, दांडी जोडणं, तबली बसवणं, लाखेचं पॉलिश, खुंट्या, तारा, शेवटी जवारी. प्रत्येक टप्पा घडेल तेव्हा टिपून ठेवायचा, मग तो आज टाका नाहीतर सहा महिन्यांनी.

प्रत्येक टप्प्याचे तीन तुकडे घ्या. एक लांबून, ज्यात माणूस आणि जागा दिसते. एक हातांचा, अगदी जवळून. आणि एक झालेल्या कामाचा. हातांचा तुकडा सगळ्यात मोठा ठेवा, निदान दोन मिनिटं, मध्ये कॅमेरा न हलवता. कारागिराला "इकडं बघा, हसा" म्हणू नका. चाचा कॅमेऱ्याकडं बघायला लागले की त्यांचा हात परका होतो. आता मी ट्रायपॉड लावून बाहेर चहाला जातो.

बोलायचं कुणी? ज्याला काम येतं त्यानं. आवाज घोगरा असू दे, मिरजेचा हेल असू दे. लिहून पाठ केलेलं बोलणं ऐकताच कळतं. मी समोर बसून वहीतला प्रश्न विचारतो, चाचा मला उत्तर देतात, माझा आवाज नंतर काढून टाकतो. बस.

गावाची गोष्टही अधूनमधून सांगा. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यातले फरीदसाहेब सतारीकडं वळले आणि मिरजेत हा धंदा रुजला. मोठे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ इथंच राहिले आणि १९३७ मध्ये गेल्यावर इथल्या दर्ग्यातच त्यांची कबर झाली. उरुसात अजून गाणं होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं आणि ऐकून त्याला आपुलकी वाटते. पण मानांकनाबद्दल एक सावधगिरी बाळगा. ते चिन्ह मालावर वापरायचं तर कायद्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणी नसताना व्हिडिओत किंवा लेबलवर ते चिन्ह झळकवू नका.

कापणं आणि नाव देणं

पहिल्या पाच सेकंदांत कामाचं फळ दाखवा. "नमस्कार मंडळी, आज आपण..." हे नंतर. आमचा व्हिडिओ आता उघडलेल्या जवारीच्या आवाजानं सुरू होतो, मग मागं जाऊन ती कशी उघडली ते दाखवतो.

कापताना कामातली शांतता कापू नका. तार छेडल्यावर आवाज विरेपर्यंत थांबा. वेगवान कापणीची सवय लागलेल्यांना हे लांबट वाटेल, पण गाणं ऐकणारा माणूस तिथंच टिकतो.

नाव देताना वहीकडं परत या. 'मिरजेची अजरामर कला' असं कुणी शोधत नाही. 'तानपुऱ्याची जवारी बंद पडली तर काय करायचं' असं शोधतात. नाव मराठीत, वर्णनात तीच गोष्ट हिंदी आणि इंग्रजीत दोन-दोन ओळींत लिहा. बोलणं मराठीत असलं तरी सबटायटल द्या. आपोआप येणारी सबटायटल तशीच सोडू नका, 'जवारी'चं 'ज्वारी' होतं आणि बघणाऱ्याला वाटतं भाकरीबद्दल चाललंय. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत तुम्ही काय करता, कुठं आहात आणि व्हॉट्सअॅप नंबर. बाकीचं कुणी उघडून वाचत नाही.

व्हिडिओच्या वरचा फोटो, म्हणजे थंबनेल, एक हात आणि एक वस्तू एवढाच. त्यावर तीन-चार शब्द. यूट्यूबवर असा आपण निवडलेला फोटो लावायला आणि १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकायला फोन नंबरनं खातं पडताळून घ्यावं लागतं. ते पहिल्याच दिवशी उरकून टाका.

कुठं टाकायचं

आमच्यापुरती वाटणी अशी आहे. मोठे, आठ-दहा मिनिटांचे व्हिडिओ यूट्यूबवर, कारण ते दोन वर्षांनीही शोधून सापडतात. उभे, छोटे तुकडे रील आणि शॉर्टला, कारण नवीन माणूस तिथून येतो. शॉर्ट ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत करता येतो, पण आम्ही मिनिटाच्या आतच थांबतो. व्यवहाराचं सगळं बोलणं व्हॉट्सअॅपवर.

२९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ अॅपवर बंदी आली तेव्हा आमच्या ओळखीच्या एका रांगोळी काढणाऱ्या ताईंचे हजारो बघणारे एका रात्रीत गेले. त्यांच्याकडं एकाचाही नंबर नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक विचारणा करणाऱ्याचं नाव, गाव आणि नंबर वहीत लिहितो, त्यांना विचारून. महिन्यातून एकदा त्यांना नवीन व्हिडिओ पाठवतो, त्याहून जास्त नाही.

किती वेळा

आठवड्याला एक छोटा, महिन्याला एक मोठा. जमत नसेल तर पंधरवड्याला एक, पण ठरलेल्या दिवशी. हंगाम ओळखा. जूनमध्ये क्लास सुरू होतात तेव्हा पहिल्या तानपुऱ्याचे व्हिडिओ, पावसाळ्यात निगा राखायचे, गुरुपौर्णिमेच्या आधी दुरुस्तीचे, डिसेंबरमध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाचे दिवस आले की मैफलीच्या तानपुऱ्यांचे.

आकडे बघताना

किती जणांनी पाहिलं हा आकडा रोज बघू नका. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख असतो, लोक कुठं सोडून गेले आणि कुठं मागं जाऊन पुन्हा पाहिलं ते त्यात दिसतं. आठवड्यातून एकदा तोच बघा. आमच्या आलेखात मी बोलत असतो तिथं उतार, जवारी उघडते तिथं टेकडी. त्या एका चित्रानं मला माझं बोलणं निम्मं करायला लावलं.

जाहिरातीच्या पैशांची आशा धरून बसू नका. त्यात पूर्ण वाटा मिळायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्टची १ कोटी दर्शनं लागतात. तिथं पोचल्यावरही येणारी रक्कम आमच्या एका तानपुऱ्याच्या ऑर्डरपुढं फिकी आहे. दोनशे माणसं बघतात आणि त्यातली चौघं गाण्याच्या क्लासच्या बाई आहेत, तर तो व्हिडिओ यशस्वी.

विचारणा ते विक्री

कॉमेंटला उत्तर त्याच दिवशी. प्रश्न चांगला असेल तर वहीत, म्हणजे पुढचा व्हिडिओ. किंमत विचारली तर "फोन करा" म्हणू नका, कुठल्या कामाला साधारण किती पडतं आणि किती दिवस लागतात ते सांगून टाका. लपवलं की माणूस पुढं सरकतो.

तानपुरा लांबून मागवणाऱ्याच्या मनात एकच भीती असते, भोपळा वाटेत फुटेल. ती खरीही आहे. आमचा एक तानपुरा पाठवताना तडकला, पोचवणाऱ्यांनी जबाबदारी घेतली नाही आणि चाचांनी स्वतःच्या खर्चानं दुसरा करून दिला. त्यानंतर आम्ही बांधणीचा सबंध व्हिडिओ केला: तारा सैल करून घोडीखाली कापड, भोपळ्याभोवती फोम, लाकडी पेटी, पेटीत कुठंच हालचाल नाही हे हलवून दाखवणं. आता दर विचारणाऱ्याला तो पहिल्यांदा पाठवतो. तुमच्या गिऱ्हाईकाची भीती कसली आहे ते शोधा, रंग जाईल, माप चुकेल, वेळेत मिळणार नाही, आणि त्यावर व्हिडिओ करा. बाकी दहा व्हिडिओंपेक्षा तो जास्त कामाचा.

जपून ठेवणं

फाईलच्या नावात आधी तारीख, मग टप्पा, मग वाद्याचा क्रमांक. चाचा प्रत्येक तानपुऱ्याला भोपळा निवडतानाच खडूनं आकडा घालतात, तोच आकडा मी फाईलला देतो. दोन हार्ड डिस्क, एक दुकानात, एक माझ्या घरी. कृष्णेचं पाणी चढतं त्या भागात ही काळजी वेगळी सांगायला नको.

या आकड्यांचा एक उपयोग आम्हाला उशिरा सुचला. गेल्या दिवाळीत धारवाडच्या एका बाईंचा तानपुरा तयार झाला, तेव्हा त्याच आकड्याचे सगळे तुकडे शोधले: उन्हाळ्यात भिजत घातलेला भोपळा, श्रावणातली दांडी, दसऱ्याचं पॉलिश, परवाची जवारी. जोडून चार मिनिटं झाली. कुठं टाकलं नाही, फक्त त्यांना पाठवलं. रात्री त्यांचा फोन आला, "चाचांना द्या." चाचा बराच वेळ नुसतं ऐकत होते. फोन ठेवून म्हणाले, "उद्यापासून समद्यांचा असा करायचा." आता तोच आमचा शेवटचा टप्पा आहे, पेटीवर खिळे ठोकायच्या आधीचा.